संघ ‘आपला’ कसा होतो?



मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गटाची बैठक आमच्याच सोप्यात भरली होती. बचतीचे पैसे मोजून झाले होते, कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदी चालल्या होत्या. तेवढ्यात आतून माझ्या सासूबाईंचा आवाज आला. त्या फोनवर भाच्याला विचारत होत्या, “किती झाले रे? पेनल्टीवर गेलं काय?”

सगळ्या बायका हसायला लागल्या. सासूबाई ६८ वर्षांच्या. त्यांचं माहेर कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत, आणि लग्न होऊन या गावात आल्याला आता पन्नास वर्षं होत आली. एकीने विचारलं, “मावशी, तुम्ही कधी स्टेडियममध्ये जाऊन मॅच बघितलीय का?”

“न्हाई गं. मी कुठं जातो तिथं? पण टीम आमचीच.”

बैठक संपली तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. जिने एकही सामना बघितला नाही, तिची ‘टीम’ कशी काय असते? आणि ती पन्नास वर्षं टिकते कशी? आज त्याबद्दलच बोलूया.

हे भाषण पुढे मासिकात छापून दूरच्या जिल्ह्यांतल्या मैत्रिणींपर्यंत जातं, म्हणून आधी थोडं कोल्हापूरबद्दल सांगते. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते. पण इथल्या पेठांमध्ये फुटबॉलही तितकाच मुरलेला आहे. इथल्या कितीतरी संघांची नावं तालमींची आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण पेठेत तालमीचं काम त्याहून मोठं असतं. गणपती तिथं बसतो, मिरवणूक तिथून निघते, कुणाच्या घरी वाईट घडलं तर माणसं तिथून धावतात. त्याच तालमीचा फुटबॉल संघ असतो. छत्रपती शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या दिवशी पेठेत दुसरा विषय नसतो. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात आपल्या देशाकडून खेळला.

आता मूळ प्रश्न. माणूस एखाद्या संघाचा जन्मभराचा समर्थक कसा होतो?

आपल्याला वाटतं, जो संघ चांगला खेळतो तो आपण निवडतो. साडीच्या दुकानात चार साड्या बघून एक घ्यावी, तसं. पण तसं फार थोड्यांचं होतं. बहुतेकांना त्यांचा संघ कुणीतरी हात धरून दिलेला असतो. वडील, मामा, मोठा भाऊ, शेजारचा दादा. पाच-सहा वर्षांच्या पोराला कुणीतरी खांद्यावर बसवून मैदानात नेतं. त्या पोराला खेळ कळत नाही. त्याला आठवतो तो गर्दीचा आवाज, हातातला शेंगांचा पुडा आणि एरवी कडक असलेला बाप गोल झाल्यावर कसा उड्या मारत होता ते. पुढे तो मोठा होतो, बाप म्हातारा होतो, पण त्या संघाचं नाव निघालं की तो खांदा आठवतो. म्हणून संघ बदलायचा म्हटलं, तर त्याला ते बापाचं नाव बदलल्यासारखं वाटतं.

ही झाली पहिली गोष्ट, हात धरणारं माणूस. दुसरी गोष्ट म्हणजे आपली माती आणि आपल्यावर आलेला प्रसंग. त्यासाठी तुम्हाला जरा लांब, कोलकात्याला घेऊन जाते. भारतात फुटबॉलचं वेड बघावं तर तिथं.

कोलकात्यात मोहन बागान नावाचा क्लब १८८९ साली निघाला. २९ जुलै १९११ या दिवशी त्यांनी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवलं. इंग्रजांचं राज्य होतं. गोरे बूट घालून खेळत होते आणि आपल्या अकरा जणांपैकी दहा अनवाणी होते. ज्यांनी त्या दिवसाबद्दल घरात ऐकलं, त्यांना मोहन बागान हा नुसता क्लब कसा वाटेल? आजही २९ जुलै हा तिथं मोहन बागान दिवस म्हणून साजरा होतो.

त्याच शहरातला दुसरा क्लब ईस्ट बंगाल. त्याचा जन्म अपमानातून झाला. १९२० साली जोडाबागान नावाच्या संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात पूर्व बंगालकडच्या एका खेळाडूला बाहेर बसवलं. त्या रागातून पूर्वेकडच्या लोकांनी आपला वेगळा क्लब काढला. पुढे १९४७ ला फाळणी झाली. पूर्व बंगालमधून लाखो माणसं घरदार, शेती, तळी सोडून कोलकात्याकडे आली. छावण्यांमध्ये, रेल्वे स्टेशनांवर, रिकाम्या जागांवर झोपड्या बांधून राहिली. त्यांच्या बोलीला लोक हसायचे. ज्या गावाचं नाव सांगायचं, ते गाव आता दुसऱ्या देशात. अशा वेळी ‘ईस्ट बंगाल’ हे आपल्या गेलेल्या मुलखाचं नाव घेऊन अकरा जण मैदानात उतरत होते. ते जिंकले की त्या झोपडीतल्या माणसाला वाटायचं, आपण अजून आहोत.

यातली गंमतही सांगते. हे प्रेम स्वयंपाकघरापर्यंत आलंय. ईस्ट बंगाल जिंकला की त्यांच्या घरात हिलसा मासा शिजतो, मोहन बागान जिंकला की त्यांच्याकडे कोळंबी. सामन्याच्या निकालावर बाजारातल्या माशाची मागणी हलते. म्हणजे मैदानात न गेलेल्या बाईलाही निकाल कळतो, पिशवीत काय आलंय ते बघून. आणि ज्या मुलाने लहानपणी ‘आपण जिंकलो’ म्हणून आईच्या हातचा हिलसा खाल्ला, त्याला तो संघ विसरायला लावून बघा बरं!

तिसरी गोष्ट ऐकून नवल वाटेल. माणसाला संघाशी पक्कं बांधते ती हार. जिंकताना गर्दी होतेच. जिंकणाऱ्याच्या घरी पाहुणे कमी नसतात. पण संघ हरायला लागला की पाहुणे निघून जातात आणि घरचे राहतात. पावसात भिजून, हरून, चालत परत येणारी चार माणसं एकमेकांना कधी विसरत नाहीत. ज्याच्यासाठी आपण सोसलं, ते आपल्याला जास्त आपलं वाटतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आजारी लेकरासाठी जागवलेल्या रात्री आठवा.

ईस्ट बंगालचंच बघा. त्यांच्या पुरुष संघाने २००३-०४ साली देशाची राष्ट्रीय लीग जिंकली. त्यानंतर वीस वर्षं त्यांना ती लीग पुन्हा जिंकता आली नाही. त्या काळात जन्मलेली पोरं वाढून कॉलेजात गेली, तरी ती ईस्ट बंगालचीच राहिली. आणि मैत्रिणींनो, राष्ट्रीय लीगचं पुढचं अजिंक्यपद या क्लबला कुणी मिळवून दिलं माहीत आहे? मुलींनी. २०२४-२५ ची इंडियन विमेन्स लीग ईस्ट बंगालच्या महिला संघाने जिंकली. मी ही बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या एवढंच म्हणाल्या, “पोरी खेळतात व्हय तिथं?” आणि बराच वेळ गप्प बसल्या.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणूस ज्याला स्वतःच्या हातचं काही देतो, ते त्याचं होतं. आपल्या गटाचंच घ्या. दरमहा पैसे भरणारी बाई गट सोडून जात नाही, कारण त्या पेटीत तिच्या घामाचे पैसे असतात. फुटबॉलमध्ये याचं उदाहरण जर्मनीत आहे. बर्लिन शहराच्या पूर्व भागात युनियन बर्लिन नावाचा कष्टकऱ्यांचा क्लब आहे. २००४ साली क्लबकडे पैसे नव्हते, तेव्हा समर्थकांनी रक्तदान करून त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. तिथं रक्त देणाऱ्याला मोबदला मिळतो. पुढे स्टेडियम इतकं मोडकळीला आलं की तिथं खेळणं अवघड झालं. तेव्हा २००८-०९ मध्ये २,००० पेक्षा जास्त समर्थक आळीपाळीने कामाला आले. कुणी सिमेंट कालवलं, कुणी पायऱ्या बांधल्या, कुणी कामकऱ्यांसाठी जेवण केलं. सगळ्यांचे मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास भरले. आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात.

२०१९ मध्ये हा क्लब पहिल्यांदाच देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला. तिथल्या घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला लोकांनी हातात मोठे फोटो धरले होते. ते फोटो खेळाडूंचे नव्हते. हा दिवस बघायला जे उरले नाहीत, त्या समर्थकांचे होते. कुणाचे वडील, कुणाची आजी, कुणाचा मित्र.

हे वाचलं आणि मला सासूबाईंच्या ‘टीम आमचीच’चा अर्थ लागला. मी त्यांना विचारलं, “आई, लहानपणी तुम्ही टीमसाठी काय करायचा?” आधी म्हणाल्या, काही नाही. मग हळूहळू निघालं. दोन्ही भाऊ तालमीकडून खेळायचे. चिखलाने भरलेल्या जर्सी सोडा घालून भिजवायच्या, दगडावर धुवायच्या, दुसऱ्या दिवशी वाळल्याच पाहिजेत म्हणून रात्री चुलीजवळ टांगायच्या. एका वर्षी पाठीवरचे आकडे पांढऱ्या कापडाचे कापून यांनी हाताने शिवले होते. “सातचा आकडा जरा वाकडा झाला हुता,” म्हणाल्या. मैदानावरचा ओरडा घरापर्यंत यायचा. त्या ओरडण्यावरून कोण जिंकलं ते त्या भावांच्या आधी घरात सांगायच्या.

म्हणजे त्यांनीही श्रमदान केलं होतं. फक्त ते कुणी मोजलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. ‘आपलं’ म्हणण्याच्या भरात समोरचा माणूस वैरी वाटायला लागला, की याच प्रेमाचं विष होतं. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये मारामारी झाली आणि १६ माणसं गेली. सामना बघायला गेलेली, घरी न आलेली. त्यांच्या आठवणीसाठी तिथं या तारखेला रक्तदान केलं जातं. हुल्लडबाजी, शिव्या, दगड या सगळ्याला भिऊनच ‘मैदान बायकांचं नाही’ असं घरोघरी म्हटलं जातं. भीती खोटी नाही. पण मग आपण दंगा थांबवायचं सोडून पोरींना घरी थांबवतो.

हे मी माझ्या घरातून शिकले. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याला शाहू स्टेडियमला नेलं. त्याला टीम मिळाली. मुलगी पाचची झाली, सहाची झाली, कुणी नेलं नाही. माझ्याही मनात आलं नाही. यंदा ती नऊ वर्षांची आहे. बैठकीच्या त्या रात्री तिने विचारलं, “आई, आजीची टीम आहे, दादाची टीम आहे. माझी कुठली?” मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या रविवारी मी दोघींना घेऊन एस.टी.ने कोल्हापूरला गेले. मालक म्हणाले, “तिथं बायकांचं काय काम?” मी म्हटलं, “तुम्हीही चला, म्हणजे कळेल.” ते आले. सासूबाई पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या. बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? खेळाडूंच्या पाठी. “आता छापून आणतात व्हय आकडे,” म्हणाल्या. मग नातीला जवळ ओढून एकेकाला बोटाने दाखवायला लागल्या.

आमची टीम हरली. परतीच्या गाडीत पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “रडू नगं. पुढच्या मॅचला परत येऊया.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत जाताना शेजारच्या मैत्रिणीला सांगत होती, “काल आमची टीम हरली.”

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाला की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने एवढंच सांगायचं, लहानपणी तुम्हाला कुणी कुठं हात धरून नेलं आणि तुमच्या मुलीला तुम्ही कुठं नेलं. फुटबॉलच पाहिजे असं नाही. कबड्डी असेल, भजनी मंडळ असेल, ग्रामसभा असेल. ज्या जागी पोरीला कुणी हात धरून नेलं नाही, ती जागा तिला मोठेपणी ‘आपली’ वाटणं फार अवघड जातं.

आज इथंच थांबते. नमस्कार.