तलंग खुडूक झाली तर

तलंग पहिल्यांदा खुडूक झाली, की घरातली म्हणतात, "बसवा हिला." पण घाई करू नये. नऊ अंडी म्हणजे मीठ-मिरचीचे पैसे.

नवी कोंबडी मधेच उठून जाते. म्हणून आधी दोनच अंडी ठेवून बघा. तीन दिवस ती नेटानं बसली, तर भरवसा धरा. मग रात्री अंधारात ती दोन काढून आठ-नऊ चांगली अंडी एकदम ठेवा. सगळी पंखाखाली झाकली पाहिजेत.

अंडी आठवड्याच्या आतली हवीत, आणि कळपात कोंबडा हवा. दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. अंड्यांवर कोळशाची खूण करा. दुसरी कोंबडी अंडं घालून गेली, तर ओळखू येतं.

मुळशीकडं पावसाळ्यात भुई ओली असते. पाटी विटांवर ठेवा. तळाला राख, वर भाताचा सुका पेंढा घाला.

कोंबडीला रोज एकदा उठवून दाणा-पाणी द्या. सातव्या रात्री अंडं बॅटरीच्या उजेडात धरा. लाल शिरा दिसल्या, तर आत जीव आहे. अंडं स्वच्छ दिसलं, तर ते काढा.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावू नका. पिल्लू कवचातून ओढू नका. रक्त जाऊन ते मरतं. पहिला दिवस त्याला पोटातला बलक पुरतो. मग बारीक कणी द्या, उथळ ताटलीत पाणी ठेवा.

नवी आई कधी पिल्लांना टोचते. पहिला दिवस लक्ष ठेवा. एकदा पिल्लं पंखाखाली घेतली, की घारीलाही ती जवळ येऊ देत नाही.