जठरातील जिवाणू आणि रक्तातील साक्ष

पोटात जळजळ, वारंवार येणारे ढेकर, जेवणानंतर पोट फुगणे अशा तक्रारींसाठी रक्त तपासून घेतलेल्या रुग्णाच्या हाती कधी कधी ‘एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह’ असा अहवाल पडतो. जठरात जंतूंनी ठाण मांडले आहे, असा समज त्यावरून होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा अहवाल जंतूंचा नव्हे, तर त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा, म्हणजेच अँटिबॉडीजचा असतो. हा फरक उपचारांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे.

जठरातील तीव्र आम्लात जिवाणू तग धरू शकत नाहीत, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ धारणा होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तिला छेद दिला. रुग्णांच्या जठराच्या अस्तरात आढळणारा नागमोडी जिवाणू १९८२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवण्यात त्यांना यश आले. पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जिवाणू स्वतः प्राशन केले आणि काही दिवसांतच त्यांना जठरदाह झाला. या संशोधनासाठी दोघांना २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू युरिएज या विकराच्या साह्याने युरियापासून अमोनिया तयार करतो व आपल्याभोवतीचे आम्ल सौम्य करतो. जठराच्या अस्तरावरील चिकट थरात तो दडून राहतो. त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात. मात्र ती त्याला हुसकावून लावू शकत नाहीत. त्यामुळे लहानपणी जडलेला हा संसर्ग उपचारांअभावी बहुधा जन्मभर टिकतो.

या प्रतिपिंडांनी संशोधकांना मात्र मोलाची मदत केली. हवाईमधील जपानी वंशाच्या सुमारे ५,९०० पुरुषांचे रक्त १९६७ ते १९७० या काळात घेऊन जपून ठेवण्यात आले होते. त्यांपैकी ज्यांना पुढे जठराचा कर्करोग झाला, त्यांच्या जुन्या नमुन्यांत ९४ टक्के प्रकरणी ही प्रतिपिंडे आढळली. तुलनेसाठी निवडलेल्या इतरांत हे प्रमाण ७६ टक्के होते. हे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशाच पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जिवाणूचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला.

तथापि, निरोगी गटातील ७६ टक्के हा आकडाही बोलका आहे. संसर्ग असलेल्या बहुसंख्य लोकांना ना अल्सर होतो, ना कर्करोग. जिवाणूचा प्रकार, आनुवंशिकता, धूम्रपान, खारवलेले अन्न अशा अनेक बाबींवर धोका अवलंबून असतो. भारतात संसर्ग सर्वत्र आढळत असला, तरी जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने कमी आहे. मिझोराम हा त्याला ठळक अपवाद.

जिवाणू नष्ट झाल्यानंतरही प्रतिपिंडे अनेक महिने, प्रसंगी अनेक वर्षे रक्तात राहतात. म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावर उपचार सुरू करणे किंवा उपचार यशस्वी झाल्याचे ठरवणे योग्य नाही. सध्याचा संसर्ग ओळखण्यासाठी युरिया श्वासचाचणी, विष्ठेतील अँटिजेन चाचणी किंवा एंडोस्कोपीद्वारे घेतलेल्या तुकड्याची तपासणी अधिक विश्वसनीय ठरते. या चाचण्यांपूर्वी आम्लरोधक औषधे साधारण दोन आठवडे, तर प्रतिजैविके चार आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवावी लागतात. अन्यथा संसर्ग असूनही तो नसल्याचा अहवाल येऊ शकतो.

संसर्ग सिद्ध झाल्यास एकाहून अधिक प्रतिजैविकांचा साधारणतः १४ दिवसांचा क्रम दिला जातो. तो अर्धवट सोडल्यास जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. उपचार संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी आवश्यक असते आणि ती रक्ताची नसावी. वजन घटणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, गिळताना त्रास किंवा रक्तक्षय ही लक्षणे असतील, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता त्वरित डॉक्टरांना गाठावे.