दुखल्याशिवाय हात तयार होत नाही?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर तबला, पेटी किंवा पखवाज शिकणाऱ्या मुलांचं वर्ष एकसारखं जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीचे पेपर असले की वाद्य गवसणीत जातं. पेपर संपतात न संपतात तोच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं एप्रिल-मेचं परीक्षा सत्र येतं. श्रावणात सप्ताह, गणपतीत घरोघरच्या आरत्या आणि रात्रीची भजनं, पाठोपाठ नवरात्र, आणि दिवाळीनंतर लगेच नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र. मधले आठवडे मात्र कोरडे. विद्यार्थ्यांची मनगटं, कोपरं, खांदे आणि माना धरतात त्याचं फार मोठं कारण या चढउतारात आहे. बोललं जातं ते मात्र भलत्याच गोष्टींबद्दल.

‘रियाज जास्त झाला म्हणून हात गेला.’

हे अर्धंच खरं आहे. वर्षभर रोज दोन तास वाजवणारा मुलगा सहसा ठणठणीत असतो. रोज अर्धा तास वाजवणारा परीक्षेआधीच्या पंधरा दिवसांत एकदम चार तासांवर गेला, की त्याचा हात धरतो. स्नायू काही आठवड्यांत वाढत्या कामाला सरावतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून विद्यार्थ्याला वाटतं की हात आता मस्त चालतोय, आणि नेमक्या त्याच वेळी कंडरा मागे राहिलेल्या असतात.

शिवाय वाढ फक्त तासांची नसते. वेळ तेवढाच ठेवून लय एकदम चढवली, नवा रेला हातात घेतला, गुरू बदलले आणि निकास बदलायला सांगितला, सवयीचा तबला सोडून दुसरा घेतला, तरी हातावरचा भार बदलतो. आपल्या किनाऱ्यावर यात पावसाळ्याची भर पडते. दमट हवेने पुडी सैल पडते, स्वर उतरतो, आस मिळत नाही. मग मूल नकळत जोराने वाजवू लागतं, ‘ना’साठी तर्जनी आपटू लागतं. हातोडी घेऊन तबला पुन्हा लावणं किंवा पुडीला जरा ऊब देणं हा यावरचा उपाय आहे. वाद्याची कसर हाताने भरून काढायला मुलांना कधीच सांगू नये.

‘दुखलं म्हणजे रियाज झाला.’

मला सगळ्यात जास्त काळजी या समजुतीची वाटते, कारण ती मोठ्या आदराने पुढच्या पिढीला दिली जाते. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. त्या सांगितल्या जातात त्या ज्यांचे हात टिकले त्यांच्या. ज्यांचे टिकले नाहीत ते मंचापर्यंत पोचलेच नाहीत, त्यामुळे त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. आणि चिल्ल्याला बसणाऱ्याच्या मागे बहुधा कित्येक वर्षांचा रोजचा रियाज असायचा, हेही सांगायचं राहून जातं.

थकवा आणि दुखणं यांत फरक आहे. थकव्याने सगळा हात जड होतो आणि सकाळपर्यंत मोकळा होतो. दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं. काल अर्ध्या तासाने सुरू झालेलं आज दहा मिनिटांत सुरू होतं, रात्रभर राहतं, पुढे कपडे पिळताना किंवा पेन धरतानाही जाणवतं. बोटांना मुंग्या येणं किंवा बधिरता हा थकवा नव्हे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातल्या नसेवर दाब येत असल्याची शंका घ्यावी. डग्ग्यावर घिस्सा काढताना तळहाताच्या मुळाशी सतत दाब देणाऱ्यांनी तर नक्कीच.

‘कोवळं वय आहे, त्यांना काय होणार?’

क्रिस्टीन झाझा यांनी 1998 मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. प्रौढ वादकांमध्ये वादनाशी संबंधित स्नायू-सांध्यांच्या तक्रारींचं प्रमाण 39 ते 87 टक्के आढळलं होतं, तर माध्यमिक शाळेतल्या संगीत विद्यार्थ्यांमध्ये 34 ते 62 टक्के. किरकोळ, आपोआप जाणाऱ्या कुरबुरी वगळल्या तरी शाळकरी वादकांमध्ये 17 टक्के उरत होते. ती वाद्यं वेगळी आहेत, पण मनगट आणि खांदा सगळीकडे सारखेच. आपल्या मुलांना मांडी घालून बसणं आणि पेटी उचलून एसटीत चढणं हे वर आहेच. लहान मुलांच्या पुढ्यात मोठ्यांच्याच मापाचं वाद्य येतं, हाही एक धोका. पियानोचंच पाहा, त्याच्या सप्तकाची रुंदी सुमारे 165 मिलिमीटर असते. छोट्या हाताला, म्हणून मुलींना अधिक वेळा, तेवढं ताणणं जड जातं.

‘बोटं लवचीक आहेत, देणगीच आहे.’

अमेरिकेतल्या ईस्टमन संगीत विद्यालयातल्या 660 वादकांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. जी. एस. मुधोळकर हे त्याच्या लेखकांपैकी एक. ज्यांची मनगटं अति लवचीक होती अशा 96 जणांपैकी फक्त 5 जणांना तिथे दुखणं किंवा ताठरपणा होता. बाकीच्या 564 जणांपैकी 100 जणांना होता. इथपर्यंत देणगी खरी. पण गुडघे आणि पाठीचा कणा लवचीक असलेल्यांचं उलट निघालं, त्यांना त्या जागी त्रास अधिक होता. जो सांधा वाजवताना हलतो तिथे लवचीकता उपयोगी पडते, आणि जो शरीर तोलून धरतो तिथे ती महागात पडते. तेव्हा तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या लवचीक मुलीच्या पाठीकडे शिक्षकांचं लक्ष हवं.

‘बैठक बरोबर असली की झालं.’

बैठक महत्त्वाची आहेच. पेटीवर डावा हात भात्याला, उजवा पट्ट्यांवर आणि मान बुवांकडे वळलेली, हे तासभर केलं की खांदा बोलू लागतो. पण कितीही चांगली बैठक दोन तास न हलता धरली तर ती वाईटच ठरते. बुडाखाली घडी केलेली घोंगडी घेतली की कंबर वर येते आणि पाठ सैल होते. दर पंचवीस-तीस मिनिटांनी उठून चार पावलं चालावं. परीक्षेच्या भीतीने आवळलेले खांदे आणि दात हेही भारच वाढवतात.

‘पट्टा बांधा, गोळी घ्या आणि वाजवत राहा.’

गोळीने वेदना दबते, भार तेवढाच राहतो. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर याच्या उजव्या हाताची बोटं 1960 च्या दशकात आत वळू लागली तेव्हा त्याने रियाज वाढवला, आणि हात आणखी बिघडला. हा स्नायूंचा नव्हे तर त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूचा विकार होता. तीसेक वर्षं तो मुख्यतः डाव्या हाताने वाजवत राहिला. असा विकार क्वचित होतो, आणि आपल्या मुलांची दुखणी बहुतेक वेळा वेळीच थांबलं तर बरी होतात.

मात्र महिनाभर वाद्याला हातच न लावणं हाही उपाय नाही. त्यानंतर पुन्हा एकदम चार तास वाजवलं तर तोच चढ पुन्हा आला. बहुतेक दुखण्यांत भार कमी करून, दुखणार नाही इतकंच वाजवत राहणं चालतं. बधिरता, सूज, पकड सैल पडणं किंवा बोटं न ऐकणं यांपैकी काही असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट. त्यांनी परवानगी दिली की विलंबित ठेक्यापासून सुरुवात करावी, दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात दुखला नाही तरच थोडा वेळ वाढवावा. आधी वेळ, मग लय, दोन्ही एकदम कधीच नाही. रेला सगळ्यात शेवटी. एप्रिलच्या परीक्षेला बसायचं असेल तर बारावीच्या पेपरांच्या दिवसांतही रोज पंधरा मिनिटं वाद्यावर हात फिरता ठेवावा, आणि तेवढ्याने अभ्यास बुडत नाही हे शिक्षकांनी स्वतः पालकांना सांगावं.