नियंत्रण कक्षातील कागदी पट्टी : नव्वद वर्षांचा मागोवा

हवाई वाहतूक नियंत्रक आपल्या ताब्यातील प्रत्येक विमानामागे एक पट्टी ठेवतो. तिचे पूर्ण नाव फ्लाइट प्रोग्रेस स्ट्रिप. कक्षातल्या बोलण्यात ती नुसती ‘स्ट्रिप’. साधारण आठ इंच लांब आणि इंचभर रुंद कागदावर विमानाचा कॉलसाइन (रेडिओवरील ओळखनाव), प्रकार, निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण, मार्ग, उंची आणि वेळा आपापल्या चौकटीत लिहिल्या जातात. रडार नव्हते तेव्हा नियंत्रकाचे आकाश या पट्ट्यांवरच होते. रडार आल्यावरही पट्टी पुढे कित्येक दशके हटली नाही.

अमेरिकेत विमानतळांदरम्यानच्या हवाईमार्गांवर नियंत्रण सुरू झाले ते न्यूआर्क येथे, डिसेंबर 1935 मध्ये. हे पहिले केंद्र सरकारने नव्हे, विमान कंपन्यांनी एकत्र येऊन काढले होते. पुढच्या वर्षी शिकागो आणि क्लीव्हलंडची केंद्रे निघाली आणि जुलै 1936 मध्ये सरकारने हे काम हाती घेतले. तेव्हा साधने तीन : फळा, नकाशा आणि टेलिफोन. कंपन्यांचे रेडिओ ऑपरेटर विमानाची खबर फोनवरून कळवत. नियंत्रक वेळा फळ्यावर लिही आणि नकाशावरची खूण थोडी पुढे सरकवी. वैमानिकाशी त्याचे थेट बोलणे होत नसे. विमाने वाढली तसा फळा अपुरा पडू लागला. एक नोंद हलवायची तर पुसून पुन्हा लिहावी लागे, आणि पुसलेले परत वाचता येत नसे. फळ्याची जागा सुट्या पट्ट्यांनी घेतली ती यामुळे.

पट्टी धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवून तिरप्या बोर्डावर रचतात. मुंबईहून नागपूरला निघालेल्या एखाद्या विमानाची पट्टी पाहू. ते टॅक्सी करीत असताना पट्टी ग्राउंड नियंत्रकापुढे असते, धावपट्टीजवळ आले की टॉवर नियंत्रकाच्या हाती जाते. उंचीच्या चौकटीत सुरुवातीला मंजूर झालेली पातळी असते. वर चढण्याची परवानगी देतानाच नियंत्रक नवा आकडा आणि वर जाणारा बाण लिहितो. जुना आकडा पुसायचा नाही, गिरवायचाही नाही. त्यावर सरळ रेघ किंवा फुली मारायची. त्यामुळे कोणती उंची आधी दिली आणि कोणती नंतर, हे पट्टीवर क्रमाने वाचता येते. एखाद्या विमानाचे काही राहून गेले असेल तर त्याची पट्टी रांगेतून थोडी बाहेर ओढून ठेवतात. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला ती न सांगता दिसते. पट्टीचे खरे सामर्थ्य इथे आहे. तोंडाने दिलेली सूचना त्याच क्षणी हाताने लिहिली जाते, आणि लिहिलेले सगळ्यांच्या नजरेसमोर राहते.

केवळ नोंद पुरत नाही, हे मात्र 30 जून 1956 रोजी दिसून आले. त्या दिवशी लॉस एंजेलिसहून निघालेली टीडब्ल्यूए आणि युनायटेड या कंपन्यांची दोन विमाने ग्रँड कॅन्यनवर एकमेकांवर आदळली. 128 माणसे गेली. दोन्ही विमानांनी आपली उंची 21,000 फूट कळवली होती, आणि ‘पेंटेड डेझर्ट’ ही रेषा ओलांडण्याची दोघांची अंदाजे वेळ एकच होती, सकाळी 10:31. सॉल्ट लेकच्या नियंत्रकाकडे दोन्ही अहवाल पोहोचले होते. पण विमाने अनियंत्रित हवाई क्षेत्रात होती आणि तिथे इशारा देण्याची जबाबदारी नियमांनी त्याच्यावर टाकलेली नव्हती. या अपघातानंतर रडारसाठी पैसा मिळाला आणि 1958 मध्ये नवी हवाई संस्था उभी राहिली.

रडार आले, पण सुरुवातीच्या पडद्यावर ठिपका कोणत्या विमानाचा हे लिहिलेले नसे. नियंत्रक आडव्या पडद्यावर छोटे प्लॅस्टिकचे तुकडे ठिपक्याबरोबर सरकवत आणि नाव पट्टीवरून ताडत. पुढे संगणक पट्टी छापून देऊ लागले. हाताने लिहायचा मजकूर घटला. परवानग्या आणि बदल मात्र पेनानेच टिपले जात राहिले.

1 फेब्रुवारी 1991 च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या टॉवरमध्ये एका छोट्या विमानाची पट्टी सापडत नव्हती. ती दुसऱ्याच टेबलावर राहिली होती. त्या गडबडीत नियंत्रकाला विसर पडला की स्कायवेस्टचे एक विमान आपण धावपट्टीवर उभे करून ठेवले आहे. त्याच धावपट्टीवर यूएसएअरच्या बोइंग 737 ला उतरण्याची परवानगी मिळाली. टकरीत तीसहून अधिक प्रवासी आणि कर्मचारी मरण पावले. चौकशीत एका माणसाच्या विसरण्यावर बोट ठेवून प्रकरण मिटवले गेले नाही. त्या टॉवरच्या कार्यपद्धतीत पट्ट्या ग्राउंड नियंत्रकाच्या हातून जातच नव्हत्या, त्यामुळे चूक पकडणारा दुसरा हात उरला नव्हता, हेही दाखवून देण्यात आले. हा निष्कर्ष महत्त्वाचा होता.

त्याच दशकात पट्टीवर अभ्यास झाले. लँकेस्टर विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी लंडनचे नियंत्रण केंद्र पाहिले. फ्रान्समध्ये वेंडी मॅके यांनी आती-मोंस येथील नियंत्रकांसोबत महिनोन्‌महिने काढून 1999 मध्ये प्रश्न विचारला : कागदच अधिक सुरक्षित तर नाही? त्यांच्या मते, नियंत्रक पट्टी हाताळतो, सरकवतो, दुसऱ्यापुढे ठेवतो, यातून जे साधते ते पडद्यावर आणणे सोपे नव्हते. उलट बाजूही होती. अमेरिकेतील प्रयोगांत पट्टीवर लिहिणे कमी केल्यावर कामगिरी खालावली नाही, असे दिसले. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे मानावे लागतात. रडार जिथे भक्कम आहे तिथे कागदाची गरज घटते. माणसे ज्या टेबलाभोवती एकत्र काम करतात तिथे त्याची उणीव भासते.

बदल झाला तो बहुतेक ठिकाणी जुनी रचना पडद्यावर उतरवून. कॅनडात 1990 च्या दशकात स्पर्शाने चालणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी तयार झाली. हीथ्रोच्या 2007 मधील नव्या टॉवरने कागद सोडला. इंग्लंडच्या स्वॉनविक केंद्राने उंचावरच्या विमानांसाठी 2011 मध्ये कागद बाजूला ठेवला. पडद्यावरची पट्टीही बोटाने सरकवता येते, रांगेतून बाहेर काढता येते.

भारतात किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रावर रडार पोहोचत नाही. त्या भागातली विमाने दीर्घकाळ दूर पल्ल्याच्या एचएफ रेडिओवरून आपले स्थान मुंबईला कळवत आली, आणि पुढच्या बिंदूची वेळ पट्टीवर टिपून नियंत्रक दोन विमानांतले अंतर राखत. उपग्रहाद्वारे येणारे संदेश नंतर आले. हाताने काम करण्याची वेळ अजूनही येते. दिल्लीत नोव्हेंबर 2025 मध्ये उड्डाण आराखड्यांचे संदेश वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा बंद पडली, तेव्हा नियंत्रकांनी आराखडे हाताने हाताळले. शेकडो विमानांना उशीर झाला, पण वाहतूक चालू राहिली. रडारशिवाय, केवळ वेळा आणि उंचीच्या नोंदींवर विमाने वेगळी ठेवण्याचे शिक्षण नियंत्रकांच्या अभ्यासक्रमात आजही आहे. ते तसेच राहायला हवे.