कानाने मोजलेली कंपनसंख्या

दुसऱ्या महायुद्धात रेडिओ प्रेषकाची कंपनसंख्या मुक्रर केलेल्या जागेवरून जराशी ढळली, तरी संदेशाची वाट पाहणाऱ्या ठाण्याला तो सापडेनासा होई. सबब रणभूमीवर नेता येईल असे खात्रीचे मापक सैन्याला हवे होते, आणि अमेरिकी सैन्याची ही निकड बीसी-२२१ या यंत्राने भागविली.

तीन निर्वात नळ्या, १,००० किलोसायकलचा एक क्वार्ट्‌झ स्फटिक आणि कानाला लावावयाचा हेडफोन, एवढ्या सामग्रीवर हे यंत्र १२५ किलोसायकलपासून २० मेगासायकलपर्यंतची कंपने मोजीत असे. अज्ञात कंपनांत यंत्राने स्वतः निर्मिलेली कंपने मिसळली, की दोहोंच्या कंपनसंख्यांतील अंतराएवढा स्वर हेडफोनमध्ये उमटे. तबकडी फिरवीत नेली म्हणजे शीळ खाली उतरे, तिची घरघर होई आणि अखेरीस तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा तंतोतंत मिळाल्यावर त्यांच्यातील लहर विरावी, तसा तो स्वर नाहीसा होई. ज्या ठिकाणी काहीच ऐकू येत नाही, तेच मापन!

परंतु उष्णतेने, बॅटरीच्या दाबातील फरकाने आणि नळ्या जुन्या झाल्याने यंत्राची स्वतःची कंपने हलत राहतात. म्हणून मापनापूर्वी जवळच्या तपासणी-बिंदूवर तबकडी आणून स्फटिकाशी ताळा घ्यावा लागे आणि पडलेला फरक दुरुस्तीच्या खुंटीने काढून टाकावा लागे. स्फटिक निश्चल खरा, पण तो ठराविक बिंदूंचीच साक्ष देतो. मधला सारा प्रदेश वेटोळ्यावर व धारित्रावर सोपविलेला असतो, आणि कोणत्याही दोन यंत्रांतील हे भाग सर्वस्वी सारखे उतरत नाहीत. यावर योजलेला उपाय मला या यंत्राचा परमोच्च गुण वाटतो: प्रत्येक यंत्राची स्वतंत्र पारख करून, तबकडीवरील अंकांसमोर कंपनसंख्या नोंदविलेली एक वही त्याच्याबरोबर दिली जाई. ती वही त्याच यंत्राची. दुसऱ्याच्या वहीने काढलेले उत्तर ग्राह्य धरता येत नसे.

पुढे १९५१ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या ५२४ए या गणकाने सेकंदाला एक कोटीपर्यंतची आवर्तने नळ्यांच्याच साह्याने थेट मोजून दाखविली, आणि कानाचे काम डोळ्यांकडे गेले.

ज्यांच्या संग्रही बीसी-२२१ असेल, त्यांनी यंत्र व वही यांची ताटातूट होऊ देऊ नये. वही हरवली, तर प्रत्येक बिंदूची पारख नव्याने केल्यावाचून त्या यंत्राच्या अंकांना अर्थ उरत नाही.