दुखण्यातून उठलेल्यांची सहल

फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडला की सासष्टीतील लोटली गाव लागते. जुन्या गोव्यातील गावगाडा दाखविणारे 'बिग फूट' हे प्रेक्षणीय स्थळ तेथेच आहे. कलावंत महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ साली जांभ्या दगडात कोरलेली, सुमारे १४ मीटर लांबीची संत मीराबाईही तेथे पाहावयास मिळते.

अशा ठिकाणी कुटुंबे हौसेने जातात. परंतु गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आजी म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसते." तिला पाहण्याची इच्छा नसते असे नव्हे, आपले ओझे इतरांवर पडू नये, एवढेच तिला वाटत असते.

हे ओझे थोड्या विचाराने हलके होते. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू दुर्बळ होतात, एकाएकी उठले तर भोवळ येते. म्हणून वैद्यांची अनुमती घेऊन निघावे, सकाळची थंड वेळ निवडावी आणि दमण्यापूर्वीच बसावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, म्हणजे त्या पायावरील भार कमी होतो. पायऱ्या चढताना चांगला पाय प्रथम टाकावा, उतरताना दुखरा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते. तेव्हा असा बेत पुढे ढकललेलाच बरा.

मात्र सारा भार रुग्णानेच का वाहावा? चाकांच्या खुर्चीसाठी केलेल्या उतरणीला १५ सेंटिमीटर उंचीमागे निदान १८० सेंटिमीटर लांबी हवी, म्हणजे एकास बारा हे प्रमाण. त्याहून तीव्र उतरण ही नावापुरतीच सोय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा सर्वांना सुगम असाव्यात असे सांगतो. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये 'पर्पल फेस्ट' भरला, तेव्हा दिव्यांगांना सामावून घेणारा उत्सव कसा असतो, हे गोव्याने पाहिले. तेव्हा निघण्यापूर्वी उतरण, बाके आणि शौचालय यांची चौकशी निःसंकोच करावी. विचारणारे वाढले म्हणजे सोयीही वाढतात.

लोटलीच्या दंतकथेतला महादर एका पायावर उभा राहून प्रार्थना करीत राहिला. आपल्या आजीकडून तेवढ्या तपाची अपेक्षा नको. तिच्या चालीने आपण चालावे. पुष्कळ गोष्टी सावकाश चालणाऱ्यालाच नीट दिसतात.