गॅरेज टाकताय? आधी जॉब कार्ड छापून घ्या!

ऑइल बदलणं म्हणजे साधं काम वाटतं ना? पण जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, की ऑइल गळतं. ऑइलचा लाल दिवा लागूनही गाडी पळवली, तर बेअरिंग घासतात आणि इंजिन जाम!

मग भांडण सुरू. कंपनी म्हणते, "नुकसान बाहेरच्या कामामुळे झालं, वॉरंटी मिळणार नाही." गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ते २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतं. तिथे तुमच्या बाजूने कागदच बोलतो.

म्हणून प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड भरा:

- किलोमीटर आणि आधीच्या तक्रारी
- ऑइलचा ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर
- ड्रेन प्लग कोणी आवळला, कोणी तपासला
- गिऱ्हाइकाची सही

गाडी देण्याआधी इंजिन चालू करून गळती बघा, फोटो काढा.

आणि कार्डावरून चूक आपलीच निघाली तर? टाळाटाळ नको, भरपाईचं बोला. एक इंजिन महाग पडेल, पण गेलेलं नाव त्याहून महाग पडतं.